ग्रिलमधला गुलदस्ता

फेब्रुवारी आला की कॉलेजात ‘डेज’ सुरू होतात आणि एका गुलाबाचा भाव ऐकूनच खिसा गप्प बसतो. लांब दांड्याचे हे गुलाब मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये तयार होतात. तिथे ऊन, ओलावा सगळं मापात असतं. जोगेश्वरीतल्या वन आरकेच्या खिडकीत तसा गुलाब काढणं कठीणच. पण फुलदाणीत ठेवायला गुलाबच कशाला हवा?

आपल्या ग्रिलला फिट बसणारं फूल म्हणजे झिनिया. मूळचं मेक्सिकोचं, त्यामुळे उन्हाला न घाबरणारं. आणि याचा बायोडेटा तर भारीच आहे! जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात स्कॉट केली यांनी झिनिया फुलवून दाखवला. त्याआधी तिथल्या रोपांना जास्त ओलाव्यामुळे बुरशी लागली होती. म्हणजे थेट आपला मुंबईचाच प्रॉब्लेम. म्हणून पाणी मातीत घालायचं, पानांवर नाही. एका आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप, म्हणजे हवा खेळती राहते.

बी आणण्याआधी ऊन मोजा. समोर टॉवर उभा असेल तर सूर्य कधी येतो नि कधी जातो, कळतच नाही. सुट्टीच्या दिवशी दर तासाला ग्रिलचा फोटो काढा. पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर कामाला लागा. शेवंतीचा मोह मात्र जपून! तिला कळ्या धरायला लांब, काळोखी रात्र लागते. खिडकीसमोर रस्त्याचा दिवा असेल तर ती नुसती पानंच वाढवत बसेल.

पावसाळा ओसरला की पेरणी करा. साधारण दोन महिन्यांत फुलं येतात. रोज डेसाठी हवी असतील तर डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा थोडं बी टाका. रोपाला चार-पाच पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा.

खरी परीक्षा पुढे आहे. फूल येतं आणि घरातून आवाज येतो, ‘राहू दे गं झाडावरच, छान दिसतंय!’ पण झिनियाचं गणित उलटं आहे. शेंड्याकडची कळी खालच्या फुटव्यांना दाबून ठेवते. फूल दांड्यासकट, पानांच्या जोडीच्या जरा वर कापलं की तिथून दोन नवे फुटवे निघतात. झाडावरच सुकू दिलं तर रोप बी धरायच्या मागे लागतं आणि फुलं कमी होतात. कापायची वेळ ओळखायची सोपी खूण म्हणजे फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलवायचा. मान डुलली तर थांबा, ताठ राहिली तर कापा.

कापायचं सकाळी. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर पाणी कुजतं आणि दांड्याची तोंडं बंद होतात. पिकलेल्या केळ्यांशेजारी फुलदाणी नको. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बरीच फुलं लवकर माना टाकतात. आणि पाणी एक दिवसाआड बदलाच. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. फुलदाणी आणि कुंडीखालची ताटली त्याला आयतीच मिळते. शिवाय कुंड्या ग्रिलच्या आतच ठेवा, खालून माणसं जात असतात.

बियांचं पाकीट, दोन कुंड्या आणि कात्री एवढंच भांडवल. यंदा रोज डेला गुलाबाऐवजी घरचा झिनिया देऊन बघा. कुठून आणलास, हे समोरचा विचारणारच!