आईंचा रायगड

"तुम्ही जाऊन या गं सगळे. मी खाली गाडीत बसते. पिशव्या राहू देत माझ्याजवळ."

हे वाक्य आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ऐकू येतंय. बोलणाऱ्या अर्थातच माझ्या सासूबाई. जेजुरी असो नाहीतर सिंहगड, पायऱ्या दिसल्या की आई खाली आणि आम्ही वर. चपला, पाण्याच्या बाटल्या, लेकीचा स्वेटर असा सगळा पसारा मांडीवर घेऊन त्या बसायच्या. आम्ही वरून येईपर्यंत शेजारच्या चार बायकांशी त्यांची ओळखही झालेली असायची. खरं सांगायचं तर आम्हालाही ते सोयीचंच होतं. आईंना बसायला आवडतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

हा समज मोडला तो ११ जुलै २०२५ ला. रायगडासह १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. आई भाजी निवडत होत्या. लेक म्हणाली, "आजी, तू तर पाहिला असशील ना रायगड?" त्यावर आई मान वर न करता म्हणाल्या, "मी कुठला बघायला! घरातले सगळे जाऊन आले. मी दशम्या करून दिल्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. १९७४ साली शिवरायांच्या राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली. तेव्हा घरातली पुरुषमंडळी रायगडावर गेली होती. माझा नवरा त्या वेळी पाच महिन्यांचा. "तान्ह्या पोराला घेऊन कुठे चढतेस? पुढच्या वेळी जाऊ," असं मामंजींनी सांगितलं. येताना त्यांनी कागदाच्या पुडीत गडावरची चिमूटभर माती आणली. आईंनी ती तुळशीत घातली. ती 'पुढची वेळ' काही आली नाही. मामंजी गेले, गुडघे गेले आणि बावीस वर्षांच्या आई चौऱ्याहत्तरच्या झाल्या.

पहिला प्रयत्न फसला

आम्ही लगेच उत्साहाने ठरवून टाकलं, दिवाळीच्या सुट्टीत जायचं. पण नुसतं ठरवणं आणि नियोजन करणं यात किती फरक असतो, ते तिथे जाऊन कळलं. रविवारच्या सकाळी पुण्याहून निघालो. ताम्हिणी घाटात लेकीला गाडी लागली. पोहोचायला दुपारचे बारा वाजले. रोपवेच्या पायथ्याशी ही गर्दी! आमचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ होणार हे दिसतच होतं. पायऱ्यांनी चढायचा तर प्रश्नच नव्हता.

आईंनी सकाळपासून पाणीही घेतलेलं नव्हतं. "वाटेत कुठे जायचं गं, म्हणून नाही प्यायले," असं त्या मला अगदी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, हात थरथरत होते. मी लिंबूसरबत आणून दिलं. ते पिऊन त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "असू दे. पुढच्या वेळी बघू."

त्या दोन शब्दांनी मला रात्रभर झोप लागली नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्यांना जे सांगितलं गेलं, तेच आज त्या आपणहून म्हणत होत्या. चूक ना गर्दीची, ना रोपवेची. आम्हीच घरून निघताना वरणाला फोडणी घालावी तितक्या सहज निघालो होतो.

मग वही उघडली

लग्नकार्याची याद करतो तशी मी रायगडाची याद केली. पहिला प्रश्न कधी जायचं हा. ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक सोहळा असतो, चैत्र पौर्णिमेला पुण्यतिथी. ते दिवस बघण्यासारखे खरेच, पण अंगात रग असणाऱ्यांनी. पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो, तरी घोटे-गुडघे अधू असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. जुलै २०२४ मध्ये गडाच्या पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी लोटल्याची दृश्यं सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली असतील. एप्रिल-मे मध्ये कातळ तापतो आणि वर सावली जवळजवळ नाही. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही शाळांच्या सहलींचा मोसम, म्हणून मधला वार. आम्ही जानेवारीतला बुधवार धरला. नवऱ्याने रजा टाकली. लेकीने कॉलेज बुडवलं, आजीसाठी म्हणून तेही माफ.

दुसरा प्रश्न चढायचा. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. पायऱ्या किती, तर मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो, पण दीड हजारांच्या आसपास धरून चाला. पाचाडजवळच्या चित दरवाज्यापासून चढलात तर खुबलढा बुरूज, मग तो भव्य महादरवाजा असं एकेक बघत जाता येतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी हीच वाट धरावी. आमच्यासारख्यांसाठी हिरकणीवाडीतून रोपवे आहे. १९९६ पासून तो चालू आहे आणि चार-पाच मिनिटांत वर नेतो. मात्र वारा फार असला किंवा दुरुस्ती निघाली की तो बंद ठेवतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्यायची. आणि पहिल्या फेऱ्यांमध्येच जायचं, म्हणजे रात्री पायथ्याशी मुक्काम हवा. पाचाड-हिरकणीवाडीत घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. रात्री गरम पिठलं-भाकरी आणि पहाटे चुलीवर तापलेलं पाणी. आईंना ते हॉटेलपेक्षा कितीतरी आवडलं.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची. निघण्याआधी महिनाभर आईंना फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. बीपी, शुगर बघून घेतलं. त्यांनी मांडीच्या स्नायूंचे साधे व्यायाम सांगितले, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा वगैरे. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, ती चाळीस मिनिटांपर्यंत नेली. शेजारणी विचारायच्या, "काय आजी, कुठे निघालात?" आई ऐटीत सांगायच्या, "रायगडला."

चौथी गोष्ट, जी आपल्याकडे कुणी यादीत लिहीत नाही, ती पाण्याची आणि स्वच्छतागृहाची. प्रवासात 'जावं लागेल' म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्याने चक्कर येते, लघवीची जळजळ होते, वयस्कर बाईला तर ते फारच त्रासाचं. मी सरळ वहीत लिहिलं : कुठे कुठे थांबायचं. माणगावला एकदा, मुक्कामी एकदा, रोपवेत बसण्यापूर्वी एकदा. हे आईंना आधीच सांगून ठेवलं, तेव्हा त्या निर्धास्तपणे पाणी प्यायल्या. एवढीशी गोष्ट, पण दिवाळीत ती कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

पाचाडला थांबलोच

आदल्या संध्याकाळी पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेतलं. गडावरची थंड, वाऱ्याची हवा त्यांना मानवत नसे, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधला असं सांगतात. वाड्याचे जोते, तटाच्या भिंती आजही दिसतात. दगडी बैठकीची 'तक्क्याची विहीर' दिसते. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या. अवघे अकरा दिवस.

नवरा सहज म्हणाला, "बघ आई, जिजाऊसुद्धा खालीच राहायच्या." आईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहायच्या खाली. पण राज्याभिषेकाला वर होत्या ना?" पुढे कुणी काही बोललं नाही.

गडावर

सकाळी रोपवेत आईंनी डोळे मिटून घेतले होते, ते वर पोहोचल्यावरच उघडले. मेणा दरवाज्याच्या बाजूने आत शिरलं की उजव्या-डाव्या हाताला राण्यांच्या महालांचे नि अष्टप्रधानांच्या वाड्यांचे नुसते चौथरे उरलेत. वाटाड्या घेतला तर चौथऱ्यांचं घर होतं, नाहीतर दगड ते दगडच. आम्ही घेतला. त्याला आधीच सांगितलं, "आजींच्या चालीने चालायचं." तोही समजूतदार होता.

येसूबाईंची गोष्ट त्याने तिथेच सांगितली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ मध्ये मोगलांनी गड घेतला आणि येसूबाई लहानग्या शाहूसह कैदेत गेल्या. सुटून यायला त्यांना तीस वर्षं लागली. आई बराच वेळ त्या चौथऱ्यावर हात टेकून उभ्या होत्या.

राजसदरेवर गेलो. आज सिंहासनाच्या जागी मेघडंबरीत महाराजांचा पुतळा आहे. समोर लांब नगारखान्याचा दरवाजा. तिथे हळू बोललेलंही सिंहासनापाशी ऐकू येतं, अशी इथली रचना. लेक धावत नगारखान्याशी गेली. "आजी, ऐकू येतंय का?" आईंनी हात वर करून हो म्हटलं. लेक खूश. नंतर आई माझ्या कानात म्हणाल्या, "मला कुठलं ऐकू येतंय! तिचे ओठ हललेले दिसले फक्त."

खरा प्रश्न पुढे होता. होळीचा माळ, दोन रांगांतली बाजारपेठ आणि त्यापुढे चढउतार करत जगदीश्वराचं मंदिर नि महाराजांची समाधी. नवरा म्हणाला, "आई, इथपर्यंत आलीस, पुष्कळ झालं. तू इथे बस, आम्ही..." वाक्य पुरं व्हायच्या आत आईंनी काठी उचलली होती.

आम्ही घडीचं स्टूल नेलं होतं. पन्नास पावलं चालायचं, स्टूल उघडायचं, दोन घोट पाणी. वाटेत एक बाई ताक घेऊन बसली होती. तिच्याजवळ आम्ही अर्धा तास टेकलो. ती रोज खालून चढून येते म्हणाली. आई तिला म्हणाल्या, "म्हणजे तू हिरकणीच की!" हिरकणीची कथा कुणाला ठाऊक नाही? दूध विकायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात उतरलेला तो कडा. इतिहासाच्या कागदात तिचा पुरावा शोधू नये, पण बुरूज तिच्या नावाचा आहे. एसटी स्टँडवर बाळाला पाजायला जो आडोसा असतो, त्या खोलीलाही तिचंच नाव आहे. ताकवाली हसली. म्हणाली, "आजी, ती एकदा उतरली. आमचं रोजचंच."

समाधीपाशी पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. धडधाकट माणूस वीस-पंचवीस मिनिटांत जातो. आईंनी नमस्कार केला आणि तिथेच पायरीवर बसल्या. मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, गड बांधणाऱ्याचं. ते लेकीने वाचून दाखवलं. लेक हिरकणी बुरुजाकडे एकटीच जाऊन आली. टकमक टोक आम्ही सोडलं. सगळंच एका दिवसात बघायचा हट्ट धरला असता, तर हेही नीट झालं नसतं.

परतीचं सांगायला हवं. आईंचे गुडघे सुजले. रोपवेपर्यंतचा शेवटचा टप्पा नवऱ्याने आणि वाटाड्याने दोन्हीकडून धरून आणलं. घरी आल्यावर तीन दिवस शेक आणि विश्रांती. "काय मिळवलंत आजी?" असं डॉक्टर हसत म्हणाले, तेव्हा आई नुसत्या हसल्या.

निघताना मी विचारलं होतं, "आई, थोडी माती घ्यायची का, तुळशीत घालायला?"

"आता कशाला गं माती? तेव्हा आले नव्हते म्हणून आणली होती त्यांनी."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात "मी खाली बसते" म्हणणारं कुणीतरी असेल. एकदा त्यांच्या शेजारी बसून विचारा, खरंच बसायचंय का? आणि मग वही उघडा.

निघण्यापूर्वी

* मधला वार धरा. राज्याभिषेक, पुण्यतिथी, जोडून सुट्ट्या टाळा.
* पायथ्याशी मुक्काम करून सकाळच्या पहिल्या रोपवेने जा. परतीची शेवटची वेळ विचारून ठेवा.
* पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे जाता येतं. मुंबईहून महामार्गाने महाड गाठता येतं. कोकण रेल्वेने माणगाव किंवा वीर जवळ.
* घडीचं स्टूल, काठी, टोपी, नेहमीची औषधं, साखर-मीठ-पाणी, सुका खाऊ. पाय धरून ठेवतील असे बूट. नव्या चपला नकोत.
* पाळीच्या दिवसांत जात असाल तर लागणारं सगळं आणि कागदी पिशव्या सोबत ठेवा. कचरा परत खाली आणा.
* वर बघायच्या जागा आधी तीनच ठरवा. चौथी झाली तर बोनस.