सतरा नंबर

"आमच्या दहावीचा निकाल नववीतच लागतो," असं एक शिक्षक मित्र सहज बोलून गेला आणि ते डोक्यातून जाईना. म्हणून कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या एका माध्यमिक शाळेत, मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या बाकावर दिवसभर बसून राहिलो.

परिपाठ, मस्टर, किरकोळ रजेचे अर्ज, सह्या. मग एक वडील आले. मुलगा नववीत, गणितात कच्चा. आधीच्या शाळेनं दाखला हातावर ठेवून सांगितलेलं, "सतरा नंबर भरा." म्हणजे १७ नंबरचा फॉर्म, दहावीला बाहेरून बसण्याचा. शाळा सुटलेल्यांसाठी केलेली ही सोय. कच्ची पोरं तिकडं ढकलली की फलकावर शंभर टक्के लिहायला शाळा मोकळी. वडील 'सतरा नंबर' पुन्हा पुन्हा म्हणत होते, पोरावर लागलेल्या कलमासारखं. "बाई, पोरगं वाईट न्हाई ओ."

बाईंनी दाखला ठेवून घेतला.

याच कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. तेव्हा हुकूम पोरं आत ओढायला निघायचा.

अनुदानित शाळेत नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा. मुख्याध्यापकाच्या हाती उरतात वेळापत्रक, पाठनिरीक्षण आणि गोपनीय अहवाल. अहवालाच्या धाकानं पाठटाचण वेळेवर येतं, पोरांना गणित येत नाही. बाईंचा सगळा जोर वेळापत्रकावर. टेबलावरच्या काचेखाली खाडाखोड केलेला तक्ता होता. दहावीच्या गणितासमोरचं ज्येष्ठ सरांचं नाव खोडून आठवी 'क'समोर लिहिलेलं, आणि नववीच्या कच्च्या मुलांचा शेवटचा तास बाईंच्या स्वतःच्या नावावर.

त्या तासाला मी मागं बसलो. एका मुलीनं अर्धा अधिक अर्धा बरोबर दोन चतुर्थांश लिहिलं होतं. अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळी.

"अर्धी भाकरी नि अर्धी भाकरी, किती गं?"

"एक."

"आणि दोन चतुर्थांश म्हणजे?"

"अर्धी..." तिनं खोडरबर शोधायला घेतला.

सरांनी संस्थेकडं तक्रार केली आहे. तक्ता त्यांना न विचारता बदलला, हेही खरंच; बाई काही मतं मागत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. तक्रारीचं मी विचारलं.

"करू देत की," त्या म्हणाल्या. "सोमवारी पहिला तास आठवी 'क'. त्यांचाच."