नालवाडीचा पाऊस आणि संगणकाचे चौकोन

"विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल," असे रेडिओवर सांगितले, की नालवाडीचा शेतकरी विचारणारच, "तुरळक म्हणजे कुठे? आमच्याकडे, की पवनारला?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या सरीवर कपाशी टोबली आणि पुढे पंधरा दिवस उघाड पडली, तर बियाणे गेले, मजुरी गेली आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढणे आले. तेव्हा हा अंदाज निघतो कसा, आणि अंदाज काढणाऱ्या संगणकाला आपले गाव दिसते तरी का, हे शेतकरी बंधुभगिनींनी समजून घेतलेले बरे.

हवामानशास्त्रज्ञ साऱ्या पृथ्वीवर चौकोनांचे जाळे टाकतात. एका चौकोनाला एकच तापमान, एकच वारा, एकच पाऊस. शेजारच्या चौकोनातून वारा व बाष्प किती आले, किती गेले, याचा हिशेब संगणक घटकाघटकाने पुढे नेतो. या हिशेबालाच मॉडेल म्हणतात. मंडळाच्या ठिकाणच्या एका पर्जन्यमापकावरून साऱ्या मंडळाचा पाऊस ठरवला की काय होते, हे आपण जाणतोच. मॉडेलचेही तसेच आहे.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची गाडी हाकता हाकता, सुमारे २०० किलोमीटरचे चौकोन पाडून, २० मे १९१० या दिवसाचा सहा तासांचा अंदाज हाताने गणित करून काढला. त्याला कित्येक आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले! तरी गड्याने १९२२ साली ते पुस्तकात छापले. आजची सारी मॉडेले त्याच वाटेने चालतात.

आता पुण्याकडे या. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ पासून काम करते. शंभर वर्षांनी हवामान कसे असेल हे पाहण्यासाठी तिने जे मॉडेल केले, त्याची आकडेवारी २०२१ च्या जागतिक हवामान अहवालासाठी गेली. त्याचा चौकोनही सुमारे २०० किलोमीटरचा, म्हणजे ४०,००० चौरस किलोमीटर. आपला वर्धा जिल्हा ६,३०० चौरस किलोमीटर. असे सहा जिल्हे एका चौकोनात मावतात! विनोबाजी १९३२ ते १९३८ येथे राहिले, म्हणून नालवाडीचे नाव देशभर गेले. या जाळ्यात मात्र नालवाडी नाही, वर्धाही नाही.

मग चौकोन लहान का करीत नाहीत? चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय वारा एका दमात चौकोन ओलांडून जाऊ नये, म्हणून हिशेबाची घटकाही निम्मी करावी लागते. काम आठपट झाले. पाच-दहा दिवसांचा अंदाज असेल तर हे झेपते. शंभर वर्षांचे गणित असेल तर उत्तम संगणकालाही घाम फुटतो.

यावर पुण्याच्या शास्त्रज्ञांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर एक युक्ती करून पाहिली. त्यांचा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकोनांची एकूण संख्या तीच ठेवली, पण दक्षिण आशियावर ते दाटीने, सुमारे ३५ किलोमीटरचे घेतले आणि दूरच्या मुलखात मोठे ठेवले. पाणी थोडे असले म्हणजे आपण ते सर्व रानात न पसरता भाजीच्या वाफ्याला देतो, तसेच हे. दुसऱ्या बाजूला सगळीकडे सारखे, एक अंशाचे म्हणजे शंभरएक किलोमीटरचे चौकोन घेतले, आणि दोन्ही गणिते दहा-दहा वेळा केली.

फरक कोठे पडला? एक तर सह्याद्रीवर. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवर माणदेशात पाचशेच्या आसपास. मोठ्या चौकोनात डोंगर सपाट होतो, अडणारे ढग अडत नाहीत. लहान चौकोनांत घाटाचा पाऊस घाटावर पडला.

पण आपल्याला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विदर्भाची झड बहुधा बंगालच्या उपसागरावरून येते. तेथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून इकडे सरकते. मोठ्या चौकोनांच्या गणिताला ही क्षेत्रे व त्यांची वाटचाल नीट पकडता आली नाही, आणि मध्य भारतातला मान्सूनचा पट्टा कागदावर कोरडा राहिला. लहान चौकोनांत तोच पट्टा भिजला. म्हणजे पुढच्या पिढीच्या कोरडवाहू शेतीचे भाकीत जर जाड जाळ्यातूनच काढले, तर आपल्याकडचा पाऊस नसलेलाच दिसायचा.

रोजच्या अंदाजाचे जाळे मात्र बरेच बारीक झाले आहे. २०१८ पासून देशात १२ किलोमीटरचे मॉडेल चालले. २६ मे २०२५ रोजी ६ किलोमीटरचे 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाले. ते पुण्याच्या 'अर्क' संगणकावर चालते. हा एका सेकंदात पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी करतो.

सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. नालवाडी आणि पवनार आता वेगळ्या चौकोनांत पडू शकतात. तरी "पवनारला पडेल, नालवाडीला नाही" इतके नेमके अजून मानू नये. वादळी ढग मॉडेलला ओळखू यायचा तर तो एका चौकोनात मावून भागत नाही, चार-सहा चौकोनांवर पसरलेला असावा लागतो. आणि उन्हाळी गडगडाटाचा ढग कितीदा दोन-चार किलोमीटरचाच असतो. त्याचा पाऊस संगणक ठोकताळ्यानेच धरतो. सुरुवातीची मोजमापे सदोष असली तर बारीक जाळेही चुकते. रिचर्डसनचे गणित त्यामुळेच फसले होते.

म्हणून पेरणीसाठी गावाच्या नावापुढचा एक दिवसाचा आकडा धरू नका. मंगळवारी व शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला पाहा, पुढच्या पाच दिवसांचा एकूण कल पाहा, आणि आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्यावरच तिफण जुंपा. तो पाऊस मोजायला साधा पर्जन्यमापक घराजवळ, झाडा-भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी बसवावा. रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्याच वेळेला, शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला त्यातला आकडा वहीत लिहायला सांगावे.