एक कडं आणि तीन खुलासे

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची रांग सावकाश सरकत गेली. हा उल्कापात, असं आधी सांगितलं गेलं. मग काही जाणकारांनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटकडे बोट दाखवलं. तोवर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं होतं. परिसरात पोकळ गोळेही सापडले. शेवटी नाव आलं चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचं. इतक्या लवकर इतके खुलासे बदलल्यावर काहीतरी लपवलं जातंय असं कुणाला वाटलं, तर त्याला वेड्यात काढणं बरोबर नाही.

मात्र हा तिसरा खुलासा पडताळून पाहता येत होता. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते आणि बहुधा क्षणात विझते. कक्षेतून उतरणारं भंगार सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतल्या वेगाने, जवळजवळ आडवं येतं, म्हणून बराच वेळ दिसत राहतं. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी या घटनेची सांगड फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चांग झेंगच्या तिसऱ्या टप्प्याशी घातली. त्या टप्प्याचा व्यास? तीन मीटर.

भंगार कधी आणि कुठे पडणार, हे आधीच का सांगता येत नाही? सूर्याच्या लहरीनुसार वरच्या हवेची घनता बदलते, आणि अंदाज तासाभराने चुकला की पडण्याची जागा 28 हजार किलोमीटरने सरकते.

संशयाला खरं खतपाणी मिळतं ते ठाम आश्वासनांतून. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून 2021 मध्ये जुन्या बॅटऱ्यांचा सुमारे 2,600 किलोंचा गठ्ठा सोडून देण्यात आला. तो पूर्ण जळून जाईल, अशी नासाची अपेक्षा होती. काही भाग जमिनीपर्यंत येऊ शकतात, असं युरोपीय अंतराळ संस्था मात्र म्हणत होती. 8 मार्च 2024 रोजी फ्लोरिडातल्या नेपल्स इथे एका घराचं छप्पर फोडून सुमारे 700 ग्रॅमचा तुकडा आत शिरला. तो इन्कोनेलचा, म्हणजे प्रचंड उष्णता सोसण्यासाठीच बनवलेल्या मिश्रधातूचा होता! नासाने तपासणी करून पुढच्या महिन्यात तो आपलाच असल्याचं मान्य केलं, आणि तो जळला का नाही हे शोधून आपली गणितं सुधारण्याचं काम हाती घेतलं.