बंदुका थांबल्या, भिंती उभ्याच

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांच्या मधोमध उंच भिंती उभ्या आहेत. ‘शांतता-रेषा’ हे त्यांचे नाव. १९६९ साली दंगलींना आवर घालण्यासाठी ब्रिटिश सैन्याने उभारलेले तात्पुरते कुंपण हे त्यांचे मूळ. त्यानंतरच्या तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसे मारली गेली. १० एप्रिल १९९८ रोजी समझोता झाला आणि बंदुका बहुतांशी थांबल्या. २०२३ पर्यंत सर्व भिंती काढून टाकण्याचा संकल्प तेथील सरकारने २०१३ मध्ये सोडला. ती मुदत उलटून गेली, तरी भिंती उभ्याच आहेत. हिलाच शांतता म्हणावयाचे काय?

नॉर्वेचे विचारवंत योहान गाल्टुंग (१९३०–२०२४) यांनी १९६९ मधील एका निबंधात या प्रश्नाची मूलगामी मांडणी केली. शस्त्रे थांबली की लाभते ती ‘नकारात्मक शांतता’; समाजव्यवस्थाच न्याय्य होते तेव्हा नांदते ती ‘सकारात्मक शांतता’. जिच्यात मारणारा हात दिसत नाही, परंतु नियमांच्या आणि वाटपाच्या घडणीमुळेच माणसांचे आयुष्य खुंटते, तिला त्यांनी ‘संरचनात्मक हिंसा’ म्हटले.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. उत्तर आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकांतील मताधिकार घराशी निगडित होता. घर ज्याच्या नावावर, त्याला आणि त्याच्या पत्नीला मत. त्याच छपराखालच्या प्रौढ मुलांना नाही. साहजिकच नगरपालिकेने एखाद्याला घर देणे म्हणजे त्याला मत देणेच होते. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांच्या आखणीमुळे सत्ता प्रतिपक्षाकडेच राही. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावी कॅथलिक कुटुंबे घरासाठी ताटकळत असता एका अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला घर मिळाले. ऑस्टिन करी या विधिमंडळ सदस्याने निषेधार्थ तेथील एका घराचा ताबा घेतला. ५ ऑक्टोबरला डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या बरसल्या. बॉम्ब पुढे आले. घरांची यादी आधीची होती.

केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये गाल्टुंग यांच्याशी स्नेहपूर्ण वाद घातला. दारिद्र्य आणि हिंसा यांना एकाच नावाखाली आणल्यास दोहोंचेही आकलन धूसर होते, असा त्यांचा आक्षेप. तो विचारात घेण्याजोगा आहे. अन्यायाला हिंसा म्हटल्याने बॉम्ब फेकणाऱ्याला समर्थन मिळत नाही. आणि १९९८ नंतर जे प्राण वाचले, त्यांचे मोल ‘नकारात्मक’ या विशेषणाने कमी होत नाही. तथापि, स्थानिक मताधिकार १९६९ मध्ये सार्वत्रिक झाला आणि १९७१ मध्ये घरांचे वाटप स्वतंत्र मंडळाकडे गेले, तोवर वेळ टळून गेली होती. वेळेवर जो न्याय कायद्याच्या चार कलमांत झाला असता, त्याची किंमत पुढे दोन पिढ्यांनी मोजली.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. बेलफास्टच्या भिंती त्याच इशाऱ्याची साक्ष देतात. एखादे गाव शांत आहे काय, हे पोलीस चौकीच्या नोंदवहीवरून पुरते कळत नाही. तेथील पाणी, घरे आणि नोकऱ्या कोणाच्या वाट्याला येतात, तेही तपासावे लागते.