काळी वाळू आणि विमानाचे पाते

रत्नागिरीत एकाच शहराला ‘पांढरा समुद्र’ आणि ‘काळा समुद्र’ असे दोन किनारे लाभले आहेत. मिऱ्याच्या बाजूचा पांढरा, मांडवीचा काळा. भेद पाण्याचा नसून वाळूचा आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जड खनिजांचे कण पावसाळी नद्यांबरोबर खाली येतात आणि सुपात धान्य पाखडावे तशा लाटा हलकी वाळू दूर सारून हे कण मागे ठेवतात. त्यांत मॅग्नेटाइटबरोबर इल्मेनाइट असते. म्हणजे लोह, टायटेनियम आणि प्राणवायू यांचे संयुग. जवळच्या काळबादेवी उपसागरातील अशा साठ्यांचा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासही केला आहे.

जगात उपसले जाणारे बहुतेक इल्मेनाइट पांढरा रंग बनविण्यासाठी खर्ची पडते. काळ्या वाळूचे हे भाग्य गमतीचे खरे! त्यातून धातू मिळविणे मात्र अवघड, कारण तापलेले टायटेनियम प्राणवायूला सहजी सोडत नाही. केरळात चवरा येथे हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेच्या तंत्राने २०११ मध्ये टायटेनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला.

या धातूवर विमानाच्या इंजिनाची फार दिवसांची नजर आहे. टर्बाइनची पाती परंपरेने निकेलच्या मिश्रधातूची असतात. त्या मिश्रधातूच्या एका घन सेंटिमीटरचे वजन आठ ग्रॅमहून अधिक भरते. टायटेनियम व ॲल्युमिनियम जवळजवळ निम्मेनिम्मे घेऊन केलेल्या टायटेनियम ॲल्युमिनाइडचे भरते सुमारे चार. पाते हलके झाले की ते ज्या चकतीवर बसते तीही हलकी करता येते. शिवाय साध्या टायटेनियम मिश्रधातू सुमारे ६०० अंश सेल्सिअसपुढे टिकत नाहीत, तर हा पदार्थ ७५० अंशांच्या आसपासही तग धरतो. उणीव एकच, पण मोठी. सामान्य तापमानाला तो जेमतेम एक-दोन टक्के ताणला जातो आणि मोडतो.

याचे कारण अणूंच्या मांडणीत आहे. नेहमीच्या मिश्रधातूत दोन धातूंचे अणू सरमिसळ असतात. येथे टायटेनियमचा एक थर, ॲल्युमिनियमचा एक थर अशी शिस्त असते. या रचनेला ‘गॅमा’ म्हणतात. हीच शिस्त उष्णतेत बळ देते आणि थंडपणी अणूंना एकमेकांवरून सरकू देत नाही.

लोहार कोयतीला पाणी देतो तेव्हा लोखंड तेच राहते. बदलते ती आतील घडण. येथेही तसेच. सुमारे १३०० अंशांच्या वर हा मिश्रधातू ‘अल्फा’ नावाच्या वेगळ्या रचनेत असतो. तो थंड होऊ लागला की अल्फाच्या कणांत गॅमाचे पातळ पापुद्रे फुटतात आणि उरलेला अल्फाही शिस्तबद्ध होऊन त्यांच्यामध्ये अडकून बसतो. चिरोट्याचे पदर डोळ्यांसमोर आणावेत. थंड करण्याचा वेग वाढवला की पदर बारीक होतात आणि धातू बळकट. सर्वत्र पदर असलेली रचना उष्णतेत सावकाश ताणली जाण्यास आणि तडा पसरण्यास चांगला विरोध करते. पदर आणि गॅमाचे गोलसर कण यांची मिश्र रचना थोडी अधिक ताणली जाते. दोन्ही गुण एकत्र पदरात पडत नाहीत, हीच धातुशास्त्रज्ञांची खरी अडचण.

येथे नायोबियमचा प्रवेश होतो. हा जड अणू इतर अणूंची हालचाल मंदावतो, पृष्ठभागावरील गंज आवरतो आणि बळ वाढवतो. शिवाय अतितप्त अवस्थेत तो ‘बीटा’ नावाची मऊ रचना टिकवून धरतो, त्यामुळे धातू ठोकून घडवता येतो. मात्र काम संपल्यावर बीटा सगळी विरत नाही. थंड होताना तीही शिस्तबद्ध होते आणि ठिसूळ बनते. म्हणून घडाईनंतर भट्टीत पुन्हा तापवून तिचे प्रमाण घटवावे लागते.

चार टक्के नायोबियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम (अणूंच्या हिशेबाने) असलेला ‘टीएनएम’ हा असाच घडवलेला मिश्रधातू. ‘ए३२० निओ’ विमानांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यात त्याची पाती बसली. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात इंडिगोच्या उड्डाणांत या टप्प्यातील पाती निकामी होण्याच्या घटना लागोपाठ घडल्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १ नोव्हेंबरला कंपनीच्या ९७ विमानांची इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्यास फर्मावले. ही मुदत पुढे वाढवावी लागली. नव्या इंजिनांत त्या जागी आघात अधिक सोसणारी निकेल मिश्रधातूची पाती आली, म्हणजे वजन पुन्हा वाढले.

याच कुळातील दुसरा मिश्रधातू, दोन टक्के नायोबियम आणि दोन टक्के क्रोमियमचा, ‘बोइंग ७८७’च्या जनरल इलेक्ट्रिक इंजिनात टर्बाइनच्या अखेरच्या टप्प्यांत वापरला गेला. ती पाती ठोकून नव्हे, तर ओतून केलेली आहेत.