दृष्टिहीनांसाठी प्रवास-मार्गदर्शक तंत्रज्ञान (मुंबई)

दृष्टिहीन व्यक्तीला बस, लोकल व मेट्रोने सोबतीविना प्रवास करता यावा यासाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनी, स्पर्श व उपग्रह यांवर आधारित साधनांना प्रवास-मार्गदर्शक तंत्रज्ञान म्हणतात. ही साधने पांढऱ्या काठीला पूरक असतात. काठीमुळे पुढच्या पावलाखालची जमीन कळते, साधनांमुळे त्यापुढचा मार्ग कळतो. मध्य मुंबईत अंधशिक्षणाची परंपरा जुनी आहे. दादरची अंधशाळा १९०० मध्ये, तर ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ मध्ये सुरू झाली. मात्र शिकून नोकरीला लागलेल्या व्यक्तीला रोज कार्यालयापर्यंत पोहोचणे हा प्रश्न शाळेबाहेरचा होता.

स्मार्टफोन व त्याच्या मर्यादा

अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक आणि आयफोनवरील व्हॉइसओव्हर हे पडदावाचक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतात. त्यांच्या साहाय्याने एम-इंडिकेटरवर लोकलचे वेळापत्रक व चलो ॲपवर बेस्टची बस कोठे आली आहे हे समजते. नकाशाचे ॲप थांब्यापर्यंतची वाट सांगते. परंतु उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत काही मीटरची चूक संभवते. डोळस माणसाला ती जाणवतही नाही. दृष्टिहीन व्यक्ती मात्र तेवढ्या चुकीने रस्त्याच्या पलीकडच्या थांब्याशी पोहोचू शकते. उंच इमारतींच्या दाटीत आणि लालबागसारख्या ठिकाणी उड्डाणपुलाखाली ही चूक वाढते. गणेशोत्सवात लालबाग-परळ भागात मंडप, बांबूंचे अडसर व बसमार्गांतील तात्पुरते बदल यांमुळे पाठ असलेली वाटही उपयोगी पडत नाही.

बसची ओळख

खरी अडचण थांब्यावर पोहोचल्यानंतर सुरू होते. समोर आलेली बस कोणत्या क्रमांकाची आणि तिचे दार कोठे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. एकामागोमाग तीन बसगाड्या आल्या, तर विचारेपर्यंत हवी ती निघून जाते. यावर आयआयटी दिल्लीत ‘ऑनबोर्ड’ ही यंत्रणा विकसित झाली. प्रवाशाने हातातील लहान उपकरणाची कळ दाबली की जवळच्या बसगाड्यांचे क्रमांक ऐकू येतात. त्यातील एक निवडल्यावर त्या बसच्या दाराजवळील ध्वनिक्षेपक वाजू लागतो. आवाजाच्या रोखाने प्रवासी दारापर्यंत जातो.  धोबी तलाव येथील सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राच्या सहभागाने बेस्टच्या काही बसगाड्यांवर तिची चाचणी झाली. अशी यंत्रणा मोजक्याच गाड्यांत असेल, तर थांब्यावर तिच्या भरवशावर राहता येत नाही.

लोकल

उपनगरी स्थानकांवर दिव्यांगांचा राखीव डबा जेथे थांबतो, त्या जागी फलाटावर बीपर बसवलेले असतात. साधन अगदी साधे, पण गर्दीत ॲपपेक्षा तेच अधिक कामाचे. डब्यातील ‘पुढील स्टेशन’ या उद्घोषणेचेही तसेच. दादरला पश्चिम व मध्य रेल्वेच्या फलाटांना पूर्वी तेच तेच क्रमांक होते. कानांवर विसंबणाऱ्यासाठी हा मोठाच घोळ होता. ९ डिसेंबर २०२३ पासून तेथे १ ते १४ असे सलग क्रमांक आहेत.

मेट्रो

भुयारी मेट्रो ३ मार्गिकेवर दादर स्थानक मे २०२५ मध्ये आणि गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. जमिनीखाली उपग्रहाचा संदेश पोहोचत नसल्याने तेथे पायांना जाणवणाऱ्या उंचवट्याच्या फरशा व उद्घोषणा हेच मुख्य मार्गदर्शक ठरतात. फलाटाच्या कडेला पूर्ण उंचीची सरकती दारे असल्याने रुळांवर पडण्याची भीती नाही. लोकलच्या फलाटावर मात्र ही कड काठीनेच शोधावी लागते.